भिवाची चाल

माझा मेव्हणा भिवसेन इंगळे याला लष्करानं धरलं तेव्हा तो हसत हसत जीपमध्ये चढला. शिपायाच्या मिशीकडं बोट दाखवून म्हणाला, "दाजींना सांगा, डिंक सुटलाय. पुरे आता."

मिशी खरी होती. शिपाई खरा होता. जीपसुद्धा खरी होती.

भिवाची त्यात चूक नाही. आम्ही बहुरूपी. माझा बाप पोस्टमन व्हायचा, साधू व्हायचा, बाळंतीण व्हायचा, आणि त्यावर आमची पोटं भरायची. माझं ठरलेलं सोंग पोलिसाचं. खाकी ड्रेस, पुठ्ठ्याचा पट्टा, गळ्यात शिट्टी. भर बाजारात किराणावाल्यापुढं जायचं, वही उघडायची आणि दरडावायचं, "वॉरंट आहे शेठ. सासूच्या हातचे लाडू बायकोला न विचारता खाल्ले, असा गुन्हा दाखल झालाय. साक्षीला मुंग्या आहेत. चला चौकीवर." लोक हसतात, शेठ हसतो, काहीतरी हातावर ठेवतो.

ह्या धंद्यात बापानं एकच नियम शिकवला. सोंग एक दिवस चालव नाहीतर सात दिवस चालव, शेवटी टोपी काढायची आणि खरं नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय बिदागी घ्यायची नाही. फसवलेल्या माणसाला फसलेला ठेवून गाव सोडायचं नाही.

भिवानं हा धंदा कधी केला नाही. त्याला लाज वाटायची. त्यानं बाजारात मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं, दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायचा. त्यामुळं मला त्याला छळायला जास्त मजा यायची. चार वेळा मी त्याला अटक केली होती. एकदा तर त्याच्याच लग्नाच्या वरातीत, घोड्यावरून उतरवून.

म्हणून पाचव्यांदा खरे लोक आले तेव्हा बाजारानं टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानं शिपायांपुढं तीन कप ठेवले आणि म्हणाला, "साहेब, जरा कविता होऊ द्या."

जीप गेली. दिवस कलला तरी परत आली नाही, तेव्हा माणसं माझ्या घरी आली. मी बनियनवर बसलो होतो, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात.

"सर्जेराव, आता सोड त्याला," चहावाला म्हणाला. "पोरीच्या लग्नाला आठ दिवस राहिलेत. तिकडं त्याची बायको मांडववाल्याशी एकटी भांडतीय."

"कुणाला सोडू?" मी म्हणलं.

सगळे हसले. मी शपथ घेतली, तर आणखी हसले.

*

आम्ही वकील केला, ठुबे. बुटका, तोंडात कायम बडीशेप. त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, द्वारकाला, समोर बसवून सगळं समजावलं.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं पदमुद्रा नावाची यंत्रणा आणली. माणूस तोंड झाकतो, टोपी घालतो, लुगडं नेसतो, पण चाल लपत नाही. चालताना घोटा, गुडघा, खुबा, खांदा, मान अशी एक साखळी हलते. टाच टेकायला किती वेळ लागला, गुडघा किती वाकला, खुबा कुठल्या बाजूला झुकला, असे एकशेदहा आकडे कॅमेरा एका पावलात काढतो. पन्नास पावलं मिळाली की ठसा तयार. लहानपणी झाडावरून पडलेलं, एका खांद्यानं पाणी वाहिलेलं, सगळं त्यात उतरतं. प्रत्येकाचा ठसा कार्ड काढतानाच घेऊन ठेवलेला. तो एकदा घेतला की परत घेत नाहीत.

"आणि कुणी नक्कल केली तर?" मी विचारलं.

"बघितलं त्यांनी करून," ठुबे म्हणाले. "सिनेमातले नट आणले, नाचणारे आणले. बाहेरून हुबेहूब. पण यंत्र फसलं नाही. नट चाल दिसते तशी करतो. यंत्र बघतं वजन कुठल्या हाडावर पडतंय. म्हणून कायद्यात सरळ लिहून टाकलं, चालीची नक्कल होत नाही."

बहुरूप्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आणि कायदा काय म्हणतो?" द्वारकानं विचारलं.

ठुब्यांनी बडीशेप चघळायची थांबवली. स्फोट फार वाढले होते, तेव्हा विशेष लष्करी स्थानबद्धता कायदा आला. स्फोटाच्या जागी ज्याची चाल विनाकारण सापडेल तो लष्कराच्या ताब्यात. कोर्ट नाही, साक्षीदार नाही, वकील आत जाणार नाही, पुरावा दिसणार नाही. कलम अकरा, यंत्र ज्याचं नाव सांगेल तोच तो माणूस. कलम चौदा, दर सहा महिन्यांनी त्याला यंत्रापुढं चालवायचं. चाल जुळली तर आणखी सहा महिने. कलम बावीस, यंत्र चुकलं असं म्हणणं हाच गुन्हा.

"पहिल्यांदा एक अर्ज असायचा," ठुबे म्हणाले. "दोन ओळींचा. ह्या माणसाला कोर्टापुढं उभा करा आणि का धरलाय ते सांगा. बाकी काही मागायचं नाही. मी आयुष्यात असे चाळीस अर्ज केले, त्यातली अकरा माणसं सुटली. आता त्या अर्जाला जागाच ठेवली नाही."

"त्या तारखांना तो दुकानात होता," द्वारका म्हणाली. "आख्ख्या बाजारानं बघितलाय."

"बाजाराला कोण विचारतंय, बाई?"

भिवाच्या घरी आलेली नोटीस ठुब्यांनी टेबलावर ठेवली. एकच ओळ होती. तीन आणि चार तारीख, डेपो रस्ता, चार फेऱ्या.

ती ओळ मी वाचली आणि मला माझे गरम पाण्यातले पाय आठवले.

*

भिवाच्या पोरीच्या, पूनमच्या हळदीला मी मोठं सोंग काढणार होतो. भिवाच्या आधी, भिवाचे कपडे घालून, भिवा होऊन मांडवात शिरायचं. व्याह्याच्या गळ्यात पडायचं, "या, या, उशीर केलात," म्हणायचं. मग खरा भिवा येणार, आणि माणसं दोघांकडं बघत राहणार.

चेहऱ्याचं काय, फेटा आणि मिशी लावली की झालं. अवघड होती चाल. एकोणिसाव्या वर्षी भिवा लाईटच्या खांबावरून पडला होता, तेव्हापासून डावा खुबा जाम. डावी टाच उशिरा टेकायची. उजव्या खिशात कायम पक्कड, म्हणून उजवा खांदा खाली.

चाल उचलायची तर आधी दुखणं उचलावं लागतं, बाप म्हणायचा. मी डाव्या चपलेत टाचेखाली चिंचोका ठेवला. कमरेला आतून सुतळी आवळली. खिशात पक्कड टाकली. तीन आठवडे असा घरामागं फिरलो. एक दिवस चिंचोका काढला, सुतळी सोडली, तरी खुबा आपोआप दुखायला लागला. म्हणलं, आली.

मग मोकळ्या रस्त्यावर चालून बघायचं होतं. डेपोच्या भिंतीकडचा रस्ता सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना कडुलिंब, आणि भिवाच्या दुकानापासून लांब. दोन दिवसांत चार फेऱ्या मारल्या. मनातल्या मनात हसत होतो.

पाच तारखेला डेपोच्या पंपघरात स्फोट झाला. तीन जवान गेले. त्यातल्या एकाचं गाव आमच्याच तालुक्यात होतं, त्याच्या आईला मी कधीतरी पोस्टमन होऊन खोटी तार दिली असेल. ज्यानं हे केलं त्याला शोधायलाच पाहिजे होतं. पण भिवा सापडला आणि शोध थांबला.

द्वारकाला मी स्वैपाकघरात सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

आमच्या घरात एक रीत होती. द्वारका चिडली की बोलायची नाही, माझी नक्कल करून फिरायची. पोट पुढं, पाय फेंगडे, दर तिसऱ्या पावलाला बारीक उडी, काखेत नसलेला दंडुका. मला हसू फुटायचं आणि भांडण मिटायचं. सव्वीस वर्षं असंच चाललं. तिच्या हातात धंदा माझ्यापेक्षा जास्त होता, फक्त बाई म्हणून कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी तिनं नक्कल केली नाही.

"सोंग उतरवायचं असलं की काय करायचं असतं तुमच्यात?" तिनं विचारलं.

"नाव सांगायचं."

"मग जा आणि सांगा."

*

लष्कराचा तळ आमच्या गावापासून साठ किलोमीटरवर, काळडोंगरला. गेटवर खांबाला यंत्र आणि एक कर्णा. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचं नाव गेट मोठ्यानं घेतं, बाईच्या गोड आवाजात. "सर्जेराव रामा शेगर, आत."

गेटवरचा हवालदार आमच्याच भागातला निघाला. नाव ऐकून उठून उभा राहिला.

"शेगर म्हणजे तोच ना, फौजदार होऊन पोलीस ठाण्यात शिरला होता? खऱ्या फौजदाराकडून सॅल्यूट घेतला होता?"

"तोच मी. पण आज खरं सांगायला आलोय. इंगळेच्या जागी मी चाललो होतो."

हवालदारानं चौघांना हाक मारली. "ए, इकडं या. शेगर आलाय. नवीन सोंग काढलंय. म्हणतो मी अतिरेकी."

मी रडलो, तर म्हणाले, "काय रडतोय बघ. एक नंबर."

आयुष्यभर मी खोटं बोलून लोकांना हसवलं होतं. आता खरं बोललो तरी हसतच होते. आठ वेळा गेलो, आठ वेळा चहा पाजून परत पाठवलं. दरम्यान पूनमचं लग्न मोडलं. व्याह्यांनी निरोप धाडला, चौकशी संपू द्या, मग बघू. चौकशी नव्हतीच, ती संपणार कशी?

नवव्या वेळी मेजर कुलथे मॅडमनी आत बोलावलं. तळावरच्या तपासणी मंडळाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्या हसल्या नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं.

"समजा तुम्ही खरं बोलताय," त्या म्हणाल्या. "म्हणजे यंत्र चुकलं. हे तुम्ही म्हणलंत तर कलम बावीस तुम्हाला लागतं. मी लिहून घेतलं तर मला लागतं."

"मॅडम, मी आत्ता रस्त्यावर भिवासारखा चालून दाखवतो. तुमच्या कॅमेऱ्यालाच विचारा."

"काही उपयोग नाही. इंगळे आत आहे. आत असलेल्या माणसाची चाल बाहेर दिसली तर यंत्र ती नोंद स्वतःच खोडतं. आत आहे तो बाहेर असूच शकत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "फक्त कलम चौदाच्या दिवशी, आवारातल्या पट्टीवर, आत कोण आहे ते नव्यानं ठरतं. त्या दिवशी नातेवाइकांना आवारात येऊ देतात. एवढंच मी सांगू शकते."

एवढं त्यांनी का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

मी घरी आलो आणि चपलेत पुन्हा चिंचोका ठेवला.

*

बेत साधा होता. तपासणीच्या दिवशी भिवा पट्टीवर चालणार, यंत्र म्हणणार इंगळे. लगेच मी उडी मारून पट्टीवर जाणार, तसाच चालणार, यंत्र परत म्हणणार इंगळे. एका यंत्राला दोन इंगळे दिसले की खेळ खलास. मग मी टोपी काढणार आणि नाव सांगणार. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सोंग, आणि बिदागीत भिवा.

नोव्हेंबरातली सकाळ. आवारात वीस-पंचवीस मीटरची काळी पट्टी, कडेला कॅमेरे, टोकाला पडदा. आम्ही नातेवाईक दोरीमागं. मी फेटा बांधला होता, द्वारका शेजारी.

भिवाला आणलं.

मी ओळखलाच नाही त्याला. वजन निम्मं झालेलं. सहा महिने डाव्या पायात कडी होती, म्हणे. नेमक्या त्या पायात. खुबा पार धरला होता. तो पट्टीवर आला आणि दोन्ही गुडघे ताठ ठेवून सरकत निघाला, जशी पाठीवर पोतं घेतलेली माणसं सरकतात. टाच उशिरा टेकत नव्हती. टाच टेकतच नव्हती.

पडद्यावर अक्षरं आली. जुळत नाही. अनोंद इसम.

कारकुनानं यंत्राची वायर काढून परत घातली. भिवाला पुन्हा चालवलं. अनोंद इसम.

मी काय करायला पाहिजे होतं? थांबायला पाहिजे होतं. पण इतके दिवस जी गोष्ट डोक्यात घोळली ती पायांनी करून टाकली. दोरीखालून शिरलो आणि पट्टीवर आलो. डावी टाच उशिरा, उजवा खांदा खाली. वीस मीटर. इतका चांगला मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो. बाप असता तर काहीच बोलला नसता, फक्त नाक पुसलं असतं.

पडदा म्हणाला, भिवसेन किसन इंगळे. जुळला.

मी वळलो. फेट्याला हात घातला. वाक्य तोंडात तयार होतं, मी सर्जेराव रामा शेगर, बहुरूपी. तेवढ्यात कारकून मॅडमना म्हणाला, "मॅडम, खरा हा दिसतोय. मग ह्या दुसऱ्याला सोडायचा ना? अनोंद माणसाला ठेवायला कागद नाही आपल्याकडं."

माझा हात फेट्यावरच राहिला.

मेजर मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला आधी पाहिलं होतं. मी कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते मला कळलंय हेही त्यांना ठाऊक होतं. त्या एकदम हळू बोलल्या.

"पडदा इंगळे म्हणतोय, म्हणजे तुम्हाला तर मला ठेवावंच लागणार. तुम्ही दुसरं नाव सांगितलंत तर वाद उभा राहतो. वाद वर पाठवावा लागतो, आणि निकाल लागेपर्यंत दोघंही आत. वरून एकही निकाल अजून आलेला नाही." त्या थांबल्या. "वाद नसेल तर तो आत्ता जातो. मी एकदाच विचारते. नाव?"

पलीकडं भिवा दोन शिपायांच्या आधारानं उभा होता. त्यानं मला ओळखलं होतं. त्याच्या तोंडावर तेच हसू यायला लागलं, जीपमध्ये चढतानाचं.

"दाजी," तो म्हणाला. "पुरे आता."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. द्वारकाकडं बघितलं. तिनं दोरी दोन्ही हातांनी धरली होती. तिचा भाऊ एका बाजूला, नवरा एका बाजूला, आणि ती हो पण म्हणेना, नाही पण म्हणेना. असल्या गोष्टीला बाईनं हो म्हणायचं तरी कसं?

"भिवसेन किसन इंगळे," मी म्हणलं.

मेजर मॅडमनी लिहून घेतलं. लिहिताना चष्मा पुसावा लागला त्यांना.

"आणि हा कोण? ओळखता?" त्यांनी भिवाकडं बोट केलं.

"नाही," मी म्हणलं. "पहिल्यांदाच बघतोय."

*

त्याला दोन वर्षं झाली.

गावात सांगितलंय की सर्जेराव बायकोवर रुसून सुरतेला गेला. कुणाचाही विश्वास बसलेला नाही. सगळ्यांना वाटतं मोठं सोंग चाललंय, आणि एक दिवस मी बाजारात उगवणार. चहावाला म्हणे अजून साधूबैरागी आला की त्याची दाढी ओढून बघतो.

इथं माझ्या खोलीची फरशीसुद्धा पावलं मोजते. त्यामुळं सोंग कधीच उतरवता येत नाही. संडासला जातानाही डावी टाच उशिरा. चालायला चिंचोका लागत नाही आता, खुबा खरोखरचा गेलाय. मॅडमनी एक केलं, माझ्या पायात कडी घालू दिली नाही. मधे त्यांची बदली झाली.

सुटायचं तर मला अगदी सोपं आहे. तपासणीच्या दिवशी पट्टीवर माझ्या चालीनं चालायचं. पडदा म्हणेल, सर्जेराव शेगर. मग मी बाहेर, आणि इंगळे फरार. घरी तेल-शेकानं भिवाचा खुबा बराच सुटलाय, जुनी चाल परत आलीय. मी आत इंगळे आहे तोवर बाहेरचे कॅमेरे त्याची नोंद खोडत राहतात. मी नसलो की पहिल्याच चौकातला कॅमेरा त्याला धरील. म्हणून दर सहा महिन्यांनी मी पट्टीवर जातो, वीस मीटर भिवा होतो आणि परत येतो. तीनदा झालं. चौथी दहा दिवसांवर आलीय.

भेटायला द्वारका येते. कागदावर भिवसेन इंगळेची थोरली बहीण, त्यात खोटं काही नाही. गेटवरचं यंत्र तिचं नाव घेतं, "द्वारका सर्जेराव शेगर, आत." खोलीत बसून मी त्याची वाट बघतो. तिच्या नावाच्या मधोमध माझं नाव येतं. इथं दुसरीकडं कुठं ते ऐकू येत नाही.

शिपाई समोर उभा असतो, त्यामुळं ती मला अरे-तुरे करते. सव्वीस वर्षांत जिनं माझं नाव घेतलं नाही ती पहिल्या भेटीत म्हणाली, "भिवा, वाळलास रे." आम्हाला दोघांनाही हसू आलं, मग ते थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

परवा भाऊबीज झाली. तळावर त्या दिवशी बहिणींना ताट आणू देतात. द्वारकानं पाट मांडला, निरांजन लावलं, मला टोपी घालायला लावली. शिपाई दारात टेकून बघत होता. तिनं मला ओवाळलं. ज्योत एकदा माझ्या मिशीला लागता लागता राहिली.

"आता पाया पड," ती म्हणाली. "थोरली बहीण आहे."

मी बायकोच्या पाया पडलो. ओवाळणीला द्यायला काही नव्हतं. खिशातला चिंचोका काढून ताटात ठेवला. ती बघत राहिली त्याच्याकडं.

"ते अनोंद पाहुणे बरे आहेत," ती बोलायला लागली. "तार गुंडाळतात. गिऱ्हाइकांपुढं येत नाहीत, मागच्या खोलीत बसून काम करतात. नाव विचारलं की गप्प बसतात. रोज एकदा म्हणतात, मी जाऊन सांगतो मेजरला. मी दार लावून घेते."

"सांगू देऊ नको."

"पूनमला स्थळ आलंय. कन्यादान कुणी करायचं म्हणून विचारत होते ते. अनोंद माणसाला चालतं का?"

शिपायानं घड्याळ बघितलं. म्हणून मी जे विचारायचं होतं ते घाईनं विचारलं, अगदी हळू.

"अक्का, तुझे मालक कसे चालायचे गं?"

तिनं मान वर केली.

"खरंच आठवत नाही," मी म्हणलं. "काल फरशीचं यंत्र बंद होतं तासभर, दुरुस्तीला. म्हणलं, जरा आपल्यासारखं चालून बघू. चाललो तर भिवाच आला. परत बघितलं, परत भिवा. पोट पुढं होतं एवढं आठवतं. पुढचं काही येईना."

"वेळ झाली," शिपाई म्हणाला.

द्वारकानं निरांजन विझवलं, ताट पिशवीत घातलं, चिंचोका कमरेला खोचला. काही न बोलता उठली. दारापर्यंत आपल्या पायांनी गेली. उंबऱ्याशी थांबली, पदर खोचला.

आणि निघाली. पोट पुढं, पाय फेंगडे, दर तिसऱ्या पावलाला बारीक उडी, काखेत नसलेला दंडुका. दोन वर्षांनी ती माझ्यावर चिडली होती. शिपायाला खोकल्यासारखं हसू फुटलं. मी गजांना तोंड लावून बघत होतो. आवार ओलांडून, पट्टीच्या कडेनं, उन्हातून, मी चाललो होतो. जरा लठ्ठ, जरा मस्तीत, बाजारच्या दिवशी कुणाला तरी फसवायला निघाल्यासारखा. असा होतो होय मी.

ती गेटातून गेली. कर्ण्यातून बाईचा गोड आवाज आला.

"सर्जेराव रामा शेगर, बाहेर."

नवा हवालदार टेबलावरून उठला. रस्त्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, यंत्राला एक थापड मारली. यंत्र चुकलं असं लिहायची सोय नव्हती, म्हणून त्यानं वहीत नाव लिहून घेतलं, पुढं वेळ टाकली. मग आवाराकडं तोंड करून ओरडला, "ए, हा शेगर कोण? आत कधी आला होता?"

मी खोलीत वळलो आणि पाटाकडं निघालो, डावी टाच उशिरा टेकवत.